आधी सांगितले, मग लिहिले

कथा लवकर कशी लिहून होईल, हा प्रश्न ज्याला कथा मुळीच लिहावयाची नसते त्याला कधी पडत नाही. आणि ज्याला ती लिहावयाची असते तो या प्रश्नाच्या उत्तराचा शोध इतक्या निष्ठेने आणि इतका दीर्घकाळ घेत राहतो की, तेवढ्या अवधीत दुसऱ्या एखाद्या बेताच्या बुद्धीच्या मनुष्याची कादंबरी छापून, तिच्यावर परीक्षणे येऊन, ग्रंथालयाच्या कपाटात तिला वाळवीसुद्धा लागून झालेली असते. विचार आधी पक्के करा, पात्रे आधी उभी करा, शेवट आधी ठरवा आणि मगच लेखणी उचला, म्हणजे ती आपोआप धावू लागेल, असा उपदेश करणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. हा उपदेश खोटा नाही, हेच त्यातले मोठे संकट होय. खोटा उपदेश मनुष्य आठवडाभरात टाकून देतो; खरा जन्मभर पाळीत बसतो.

ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ लिहून, कथालेखन म्हणजे अंगात येणारे वारे नसून ती अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे, हे महाराष्ट्राच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न केला. स्वतः फडक्यांनी सत्तरांवर कादंबऱ्या लिहून आपला सिद्धान्त सिद्धही केला. परंतु तो ग्रंथ वाचून ज्यांनी साधनेस आरंभ केला त्यांपैकी कित्येकांची साधना इतकी उत्तम चालली की, प्रतिभेला मध्ये तोंड घालण्याची संधीच मिळाली नाही.

आमचे अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले, काळ्या मातीचे आणि कापसाच्या भरवशावर जगणारे गाव. हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस इंग्रज व्यापाऱ्यांनी कोणे एके काळी डोळे मिटून विकत घ्यावा, अशी या मुलुखाची ख्याती होती. तेव्हा पूर्वतयारी म्हणजे काय, हे येथे कोणी कोणाला शिकवीत नाही. होळी होते न होते तोच गेल्या सालच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या जातात. मग नांगरटी, मग वखराच्या पाळ्या, मग धसकटांची वेचणी, आणि वैशाखाच्या उन्हात तापत पडलेली ती काळी जमीन पाहून परक्या माणसाला वाटावे की येथे कोणी काही करीतच नाही. पूर्वी सरकी पेरण्याआधी ती शेणमातीत घोळून वाळवीत असत, कारण तिच्या अंगावरच्या तंतूंमुळे दाणे एकमेकांना चिकटून बसत आणि सरत्यातून एकेक सुटण्याऐवजी गठ्ठ्याने अडकत. आता पाकिटातले गुळगुळीत बियाणे टोबतात, त्यामुळे तो खटाटोप उरला नाही. माझ्या डोक्यातल्या कल्पना मात्र अजून जुन्या सरकीच्याच जातीच्या आहेत. एक ओढावी तर दहा चिकटून येतात आणि लेखणीच्या तोंडाशी दाटी करून बसतात.

म्हणून त्यांना सुट्या करण्यासाठी मी शास्त्रोक्त तयारीस लागलो. मेज खिडकीशी नेले, खिडकीतून रस्ता दिसू लागला म्हणून पुन्हा भिंतीशी आणले, पात्रांसाठी एक, प्रसंगांसाठी एक आणि सुचेल तशा सुभाषितांसाठी एक अशा स्वतंत्र वह्या घातल्या. शेजारचा एक कास्तकार वावरातून परतताना ओसरीवरचा हा कागदांचा पसारा पाहून थबकला.

"काहो भाऊ, एवढे कागद कायचे? कर्जमाफीचं काही निंगालं का जी?"

"नाही हो, गोष्ट लिहायची आहे. तिची तयारी चालली आहे."

"कवा लिहायची हाय?"

"आता लगेच."

"मंग आता कायची तयारी? मृग लागल्यावर कोनी नांगर काढते का, बाप्पा!" असे म्हणून तो बैलांमागून चालता झाला. ज्या गोष्टीस फडक्यांना अख्खा ग्रंथ लागला तीवर इतक्या थोड्या शब्दांत अभिप्राय देऊन निघून जाण्याचे धैर्य मला तरी कधी झाले नसते.

पण मी नेटाने पुढे गेलो. माझ्या नियोजित कथेचा नायक दोन भावांपैकी धाकटा, वडिलार्जित शेतीवर राबणारा, भिडस्त स्वभावाचा असा योजिला होता. कथा लवकर उतरावी यासाठी पात्राची सर्व माहिती आधी जमवावी, असे शास्त्र सांगते. म्हणून मी त्याची साद्यन्त कैफियतच तयार केली. आजोबांपासूनची वंशावळ, शेताचे क्षेत्र, आकार, विहिरीचे पाणी, चारी दिशांच्या चतुःसीमा, वडिलांच्या पश्चात दोघा भावांच्या नावे झालेला फेरफार, थोरल्याचे कर्ज, धाकट्याचा दमा. कथा सोडून सर्व काही त्या दप्तरात रुजू झाले. तलाठी कार्यालयात दाखल केले असते तर त्यावर सातबारा सहज निघाला असता.

हे दप्तर आमच्याच आळीत राहणाऱ्या एका निवृत्त पटवाऱ्यांच्या हाती पडले. (तलाठी हा शब्द सरकारदरबारी कितीही रूढ झाला असला तरी आमच्या भागात त्या अधिकाऱ्याला अद्याप पटवारीच म्हणतात, आणि निवृत्तीनंतर तर तो मरेपर्यंत पटवारीच असतो.) एरवी माझे छापील साहित्य पुढे केले की या गृहस्थांचा चष्मा घरी राहिलेला असतो, परंतु हे टिपण त्यांनी ओसरीच्या खांबाला टेकून, बोटाला थुंकी लावीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. आयुष्यात इतका एकाग्र वाचक मला लाभला नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढविला.

"सारं बरोबर आहे, भाऊ. पण बहिणीचं नाव कुठं आहे?"

"कोणाच्या बहिणीचं?"

"तुमच्या नायकाच्या. इथं वंशावळीत दोन पोरं अन् एक पोरगी लिहिली तुम्ही. पोरांच्या नावानं फेरफार झाला. मंग पोरगी काय वाऱ्यावर गेली? तिची सही कुठं आहे? मी नोकरीत असतो तर हा कागद मंडळ अधिकाऱ्यापुढं ठेवलाच नसता."

मी म्हणालो की बहीण केवळ वंशावळ पूर्ण दिसावी म्हणून घातली आहे, तिचा कथेशी काही संबंध नाही. यावर त्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, दुष्काळी सालात पीक आणेवारी फुगवून दाखविणाऱ्या उमेदवार कारकुनाकडे त्यांनी पूर्वी असेच पाहिले असावे. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला, हे त्यांनी मला तारखांसह सुनावले. आणि तेव्हापासून गावोगावी भाऊ बहिणींच्या घरी मिठाईचे पुडे आणि हक्कसोडपत्राचे कागद एकाच पिशवीतून कसे नेऊ लागले, याची हकीकत त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीच्या पोतडीतून अशी काही बाहेर पडू लागली की, माझा भिडस्त नायक, त्याचा दमा आणि त्याची विहीर ही सगळी मंडळी क्षणार्धात बाद झाली. ज्या पात्राला मी खानापूर्तीसाठी घेतले होते त्याच्याशिवाय कथाच नव्हती.

हे प्रकरण संध्याकाळी पानठेल्यावर गेले. अल्लीपुरात कोणतीही गोष्ट पानठेल्यावर नेण्याची तोशीस कोणाला घ्यावी लागत नाही, ती स्वतः चालत जाते. तेथे जमलेल्या पंचमंडळींनी प्रथम मला असे काही प्रश्न विचारले की माझ्या तिन्ही वह्यांत त्यांचे उत्तर नव्हते. बहीण दिली कुठं? देवळीला की समुद्रपूरला? जावई काय करतो? सही मागायला थोरला गेला की धाकटा? आणि गेला तो हातात काय घेऊन गेला? एकाचे म्हणणे पडले की जावई नोकरीवाला असेल तर बहीण हिस्सा मागेल, कारण नोकरीवाल्याला शेतीची हौस असते. दुसऱ्याचे म्हणणे नेमके याच्या उलट. तिसऱ्याने, जो कापसाच्या गाडीवर हिंगणघाटला जात असे, असा मुद्दा काढला की सही सहज मिळेल, पण घरी नव्हे. बाजारच्या दिवशी, रस्त्यात, चार माणसांदेखत मागितली पाहिजे, कारण लोकांसमोर बहीण भावाला नाही म्हणत नाही. हे ऐकून ठेलेवाल्याच्या हातून कात सांडला. कायद्याच्या पदवीधरांना आणि कथालेखनाच्या शिबिरांना जे सुचू नये ते त्या गृहस्थाला बसच्या वेळेकडे डोळे लावून, तंबाखू मळता मळता सुचले होते.

मी घरी येऊन हा सर्व वृत्तान्त स्वयंपाकघराच्या दारात निवेदन केला. सौभाग्यवती तूर निवडत होत्या. त्यांनी सूप न थांबविता सांगितले, "सही ती करेल हो. पण त्या वर्षी भाऊबीजेला येणार नाही."

झाली कथा. याउपर मजकडे जे काम उरले ते नक्कलनविसाचे होते. शिरस्तेदाराने मसुदा मंजूर करून दिल्यावर तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते उरकले. मेज कोणत्या भिंतीशी आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही.

आता, आधी सांगावे आणि मग लिहावे, हे पानठेल्याचे तत्त्वज्ञान म्हणून कोणी नाक मुरडील, सबब थोडी थोरामोठ्यांची साक्ष काढतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहावयास घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. तुरुंगात लिहिलेल्या छत्तीस रात्री पाच दिवसांत! हा वेग ऐकून कोणासही वाटावे की तुरुंगात काही विशेष प्रकारची लेखणी मिळत असली पाहिजे. परंतु अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात आणि तिथल्या छात्रालयात मुलांचा सांभाळ करताना याच गुरुजींनी वर्षानुवर्षे गोष्टी सांगितल्या होत्या, मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' रोज स्वतःच्या हाताने लिहून काढले होते. आणि पुस्तकाची मांडणी पाहा, त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, दर रात्री श्याम सांगतो आहे आणि सवंगडी ऐकत आहेत. आदल्याच वर्षी, १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत होते आणि ते बोलणे भरभर टिपून घेणारा लेखक दुसरा कोणी नव्हता, साने गुरुजीच होते. 'गीताप्रवचने' हा ग्रंथ अशा रीतीने लिहिला गेलाच नाही. तो बोलला गेला.

विनोबांचेच दुसरे उदाहरण तर आमच्या वर्ध्याचे आहे. संस्कृत गीता समजत नाही आणि तिची मराठी भाषांतरेही सोपी वाटत नाहीत, तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असे त्यांच्या आईने त्यांना म्हटले ते १९१५ च्या सुमारास. आई १९१८ साली गेली. 'गीताई'च्या लेखनास प्रारंभ झाला वर्ध्यास, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. चार महिने लिहिणे आणि पंधरा वर्षे मनात वागविणे, असा तो हिशेब आहे; परंतु आम्ही लेखक लोक त्यातले चार महिने तेवढे लक्षात ठेवतो आणि पंधरा वर्षांच्या रकान्यात निरंक लिहितो.

लोकमान्यांचा दाखला सर्वांवर कडी करणारा आहे. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळ टिळकांकडे आले ते १८७२ साली. तेव्हापासून जो प्रश्न डोक्यात शिरला त्यावर त्यांनी १९०२ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या नागपुरास व्याख्यान दिले, १९०४ साली संकेश्वरच्या मठात दिले, आणि 'गीतारहस्य' प्रत्यक्ष लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने, अवघ्या काही महिन्यांत. १९१४ साली सुटका झाल्यावर त्या वह्या सरकार लवकर परत करीना, तेव्हा मंडळी चिंतेत पडली. पण टिळकांनी सांगितले की वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. सरकारला हे कळले किंवा कसे ते असो, वह्या परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. जप्त करून ज्याची काही हानी होत नाही, त्याला मी पूर्वतयारी म्हणतो. माझ्या तीन वह्या कोणी जप्त केल्या असत्या तर सरकारचेच नुकसान झाले असते.

(या तिन्ही थोरांच्या दाखल्यांत तुरुंग कोठे ना कोठे डोकावतो, हे माझ्या ध्यानात आले आहे; ते घरातही ध्यानात आले आणि माझ्या लेखनाला एकान्त मिळावा म्हणून तशी काही व्यवस्था होऊ शकते का, अशी पृच्छाही झाली. तो विषय येथे वाढवीत नाही.)

शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. महाराजांनी एक महत्त्वाचा खलिता लिहावयास सांगितला होता, परंतु कामाच्या गर्दीत तो लिहावयाचा राहून गेला; रात्री महाराजांनी वाचून दाखविण्याची आज्ञा केली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सर्व मजकूर मायन्यापासून अखेरपर्यंत न अडखळता वाचून दाखविला. मजकूर पसंत पडला. कोरा कागद धरणारे लेखक आज शेकड्यांनी सापडतील. त्यावरून वाचून दाखवणारा काढा पाहू!

आता अल्लीपुरी पद्धतीचे दोष लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला असा की, जी कथा गावाने ऐकली ती गावाच्या मालकीची होते. माझी कथा छापून आल्यावर तिचा अंक गावात कोणी विकत घेतला नाही, कारण "ती होय? ते तर आमालेच ठाऊक हाय" असे जो तो म्हणू लागला. देवळीचा आग्रह धरणाऱ्याने मी बहीण समुद्रपूरला दिल्याबद्दल कित्येक दिवस माझ्याशी अबोला धरला. रस्त्यात सही मागण्याची युक्ती सांगणाऱ्याने, आपले नाव कोठेच छापले नाही, अशी तक्रार केली. आणि पटवारीसाहेबांनी छापील कथा वाचण्याचे साफ नाकारले, कारण तीतून चतुःसीमा गाळल्या होत्या. शिवाय पंचक्रोशीतल्या एकाहून अधिक घरांनी ती आपल्यावरच लिहिली आहे अशी खात्री करून घेतली. त्यांची समजूत घालता घालता असे निष्पन्न झाले की, हे प्रत्येक घर खरोखरच तसे आहे. मी ज्याला कल्पना समजत होतो ती तालुक्याची वहिवाट निघाली.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो आमचा नाही, पुण्यामुंबईकडच्या संपादकांचा आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचे साल दिवाळीला पिकते, हे मान्य. परंतु त्यासाठी लेखकाकडे तगादा केव्हा येतो? आखाडात. पूर्वी पोस्टकार्ड येई, आता भ्रमणध्वनीवर हात जोडलेल्या चित्रासह चार ओळी येतात; मुदत कोठे नागपंचमीची, कोठे फार तर तान्ह्या पोळ्याची. आणि त्या वेळी अल्लीपुरात ऐकायला आहे कोण? सारा गाव डवऱ्यामागे वावरात, बाया निंदणात, पानठेल्यावर पावसाने अडकलेला एखादा औषधविक्रेता तेवढा. आणि त्याला कथा सांगावी तर तो बदल्यात फवारणीचे प्रमाण सांगतो. जो काळ लिहिण्याचा म्हणून नेमून दिला आहे तोच नेमका सांगण्याचा दुष्काळ, अशी ही तिथीची गफलत गेली शंभरांहून अधिक वर्षे चालली आहे, आणि कथा उशिरा येतात म्हणून संपादक लेखकांनाच बोल लावतात.

सबब समस्त संपादक-महाशयांच्या सेवेशी अर्ज की, दिवाळीची निमंत्रणे यापुढे आखाडात न धाडता होळीच्या सुमारास धाडण्याची मेहेरबानी व्हावी. चैत्र-वैशाखात आमच्याकडे तूर-कापूस घरात आलेला असतो, वावरे उन्हात तापत पडलेली असतात, आणि ऐकणारी माणसे दुपारी चारपासून निंबाखाली मोकळी असतात. त्या दोन महिन्यांत जी कथा सांगून होईल ती मृगाच्या आत लिहून पोचती करण्याची हमी मी घेतो. आगाऊ मानधनाबद्दल आग्रह नाही, पण आल्यास ते पानठेल्याच्या उधारीत जमा होईल.